कागदी चंद्राचं ग्रहण

३ फेब्रुवारी १९३९, कळमनुरी

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. शाळेच्या नाटकाचं लाइटिंग माझ्याकडे आलं. मी मागितलं आणि दुसऱ्या कुणाला नको होतं. नांदेडला एका कंपनीचं नाटक निम्मं पाहिलंय, त्यामुळे विषय पक्का आहे. इन्स्पेक्टर साहेब येणार. हेडमास्तरांची जागा रिकामी. आता ती माझीच.

५ फेब्रुवारी

मुलांना प्रॅक्टिकल दिलं: एका गॅसबत्तीतून एक इफेक्ट. पाटलांच्या भुजंगने वीज केली. बत्तीची काच फुटली. तरी सात मार्क, वडील कमिटीवर आहेत.

मेंढक्यांच्या लखमाने पहाट केली. तेलाच्या डब्याची एक बाजू कापून आत बत्ती, पुढे गेरूत रंगवलेलं फडकं. ते दोरीने बोट बोट वर ओढायचं. त्याआधी फडकं भिजवत बसला. वेळेचा नुसता नास! पहाट फारच हळू झाली. शून्य दिलं. गरिबाचं लेकरू लाडावलं की बिघडतं.

९ फेब्रुवारी

माझा इफेक्ट: चंद्रग्रहण! चाळणीला तेलकट कागद, मागे बत्ती, पुढून काळा पत्रा सरकणार.

लखमा म्हणाला, "गिराण नका दावू, मास्तर. मान्सं उठून जातील." कागदाचं ग्रहण कोण पाळतो? शिक्षा म्हणून त्यालाच बत्ती डोक्यावर धरून तासभर उभं केलं. चंद्र हलला. छडी दिली. शास्त्राप्रमाणे चंद्र असा हलत नाही.

१९ फेब्रुवारी, अमावस्या. सकाळ

आज प्रयोग. खरा चंद्र रजेवर, म्हणजे स्पर्धा नाही. आभाराचं भाषण पाठ केलं. तीनदा.

२० फेब्रुवारी

मैदान गच्च होतं. पत्रा चंद्रावर येतो न येतो तोच पाटलांच्या चांगुणाबाई ओरडल्या, "गिराण लागलं! पोटुशा बाया उठवा!" मी स्टेजवर धावलो. सांगितलं, आज अमावस्या आहे, आभाळात चंद्रच नाही. "मंग त्यो काय हाय?" बाईंनी चाळणीकडे बोट दाखवलं. माणसं विहिरीवर आंघोळीला पळाली. सगळ्यात आधी उठली माझी बायको नर्मदा, घरचं शिजलेलं फेकायला. मी उपाशी झोपलो.

इन्स्पेक्टर साहेब तेवढे बसून राहिले. ते हैदराबादचे, आमचं ग्रहण त्यांना लागू नव्हतं. लखमाने न विचारता पहाट सुरू केली. साहेब उभेच राहिले. कुणी बनवली म्हणाले. मी पुढे होऊन म्हणालो, मीच. साहेब म्हणाले, छान, पुन्हा दाखवा.

मीच लगेच दोरी ओढून दाखवली. फडकं पेटलं. मग पडदा. विहिरीवरून ओलेत्याने परतलेल्या माणसांनी बादल्या ओतल्या. बऱ्याचशा माझ्यावर.

२७ फेब्रुवारी

हुकूम आला. हेडमास्तर परभणीहून येणार. नाटकाचं लाइटिंग लखमाकडे. मी ते त्याच्याकडून शिकावं आणि माझे मार्क त्याने साहेबांकडे पाठवावेत. हुकमात चूक असणार. अर्ज करीन.

दुपारी पहिलं प्रॅक्टिकल: पहाट. मला दहापैकी दहाची खात्री होती. शिवाय पोरगं माझाच विद्यार्थी, लाज राखील. सगळा वर्ग बघत होता. मी दोरी ओढली.

शून्य. लखमा म्हणाला, "लई घाई करता, मास्तर. फडकं भिजवलंच न्हाई."