एक्केचाळिसावं घर

आष्टी,
३ फेब्रुवारी २०२५

चि. पौर्णिमा हिस,
अ. उ. आ. व जय भीम.

हरिदासचा फोन आला होता. मुलीचं कौतुक सांगताना माझ्या या धाकट्या भावाला श्वास घ्यायचंही भान राहत नाही. मंजुषा मॅडमनी दुसऱ्या वर्षातून चौघांनाच संशोधनासाठी निवडलं, त्यांत तू. आणि आठ मार्चला नागपूरच्या परिषदेत तुझ्या नावानं निबंध वाचला जाणार. हे मला तुझ्या बापाकडून कळावं? सांख्यिकी खात्यात अठ्ठावीस वर्षं दारोदार फिरून मी माणसं मोजली, आणि मलाच सांगावंसं वाटलं नाही तुला?

फोन करू नकोस. फोनवर तू हसतेस आणि विषय बदलतेस. कागदावर ते जमत नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्याकडून प्रत्येक चूक लिहून घ्यायच्या त्या एवढ्यासाठीच. काय काम केलंस, काय पाहिलंस, ते लिही. हॉस्टेलच्या भाजीबद्दल नको, ती सगळीकडे सारखीच असते.

तुझी, अजून तरी प्रेमळ,
अन्नपूर्णा आत्या


वर्धा,
९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तू चूक लिहून घेण्याचं म्हटलंस, म्हणून लिहिते. बाबांना सांगू नकोस.

पाणी भरण्यात बायांचा किती वेळ जातो, हा आमचा विषय. जाम गावाजवळच्या एका छोट्या वस्तीत एक्केचाळीस घरं. गावाचं नाव बाहेर फोडायचं नाही ही मॅडमची अट आहे, म्हणून ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलंय, वाचून फाड. नोव्हेंबरात, दिवाळी संपल्यावर, पहिली फेरी माझी होती. शेवटचं घर नाल्यापलीकडे, एकटंच. पाय दुखत होते, बसची वेळ झाली होती. मी तिकडे गेलेच नाही. थांब्यावर बसून फॉर्म मनानंच भरला. रुख्माबाई, वय सदुसष्ट, एकटी. मुलगी सिंदी रेल्वे गावात दिलेली. डावा गुडघा दुखतो. सकाळी हातपंपावरून चार घागरी. पाच मिनिटांत एक बाई तयार झाली.

जानेवारीत दुसरी फेरी झाली. पहिल्याचं मत दुसऱ्या फेरीत उतरू नये म्हणून विद्यार्थी बदलतात, तसा तिथे आमच्या चौघांतला ऋतिक गेला. त्याच्याजवळ फक्त घरांचे क्रमांक होते, नावं नव्हती. माझे फॉर्म मॅडमच्या कपाटात कुलपात होते. परत आला तो हसत, की शेवटची बुढी लय बोलते, सोडतच नव्हती. मी त्याचा फॉर्म पाहिला. रुख्माबाई. सदुसष्ट. मुलगी सिंदी रेल्वेला. घागरी आता तीनच, कारण गुडघा वाढलाय. शेवटचा प्रश्न तक्रारीचा असतो. तिथे त्यानं बुढीच्याच शब्दांत लिहून आणलं होतं, की मांगं एक पोरगी आलती, थांब्यावरच बसून गेली, घरी काऊन नाई आली.

आत्या, थांब्यावर मी एकटीच होते.

तुझी,
पौर्णिमा


आष्टी,
१३ फेब्रुवारी

चि. पौर्णिमा हिस,
अ. आ. (या खेपेला उत्तम नाहीत.)

भीती बाजूला ठेव, आधी लाज वाटू दे. भर दिवसा पन्नास पावलं चालायचा कंटाळा, आणि म्हणे संशोधन! आमच्या खात्यात असं करणाऱ्याला मी साहेबांसमोर उभं केलं असतं, भाची असती तरी.

तुझा ऋतिकही तुझ्याच बाकड्यावर बसला असणार. तुझे फॉर्म संगणकावर चढवले असतील, त्यानं तिथून उतरवलं आणि तुला घाबरवायला वर मीठ-मिरची लावली. त्याला विचार, त्या घराचं दार कोणत्या दिशेला आहे. थाप मारणारा नावं सांगतो, वयं सांगतो, पण दिशा विचारली की अडकतो. आणि परिषदेच्या आधी मॅडमना सगळं सांग. स्वतःच्या तोंडानं.

रागावलेली,
आत्या


वर्धा,
१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

विचारलं. तो एका दमात म्हणाला की दार उत्तरेला, उंबरठ्यात ऊन येत नाही, तिनं प्यायला पाणी दिलं ते इतकं थंड होतं की दात ठणकले. वर मलाच विचारलं, की तू पण तर गेलतीस ना, मले काऊन विचारून राह्यली? फॉर्म अजून संगणकावर चढवलेच नाहीत.

मॅडमना घर एक्केचाळीस फार आवडलंय. गुडघ्यापायी चाराच्या तीन घागरी झाल्या, यातच आपला सगळा विषय आला, असं त्या म्हणतात. निबंधाची सुरुवात त्या रुख्माबाईपासूनच करणार आहेत.

आत्या, म्हणजे ती आहे. माझा फॉर्म खरा निघाला. मग सांगायलाच हवं का? सांगितलं तर परिषद गेली, बहुतेक प्रकल्पही गेला, आणि पुढे एम.एस्सी.ला माझी शिफारस कोण करेल?

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावलेली,
पौर्णिमा


आष्टी,
२५ फेब्रुवारी

चि. पौर्णिमा हिस,
अ. आ. व जय भीम.

मी काल स्वतः जाऊन आले. जामपासून ऑटो केला. त्या ऑटोवाल्यानं नाल्यापलीकडे कोणी राहत नाही असं दोनदा सांगितलं, मी त्याला एकदाच गप्प केलं.

दार उत्तरेलाच आहे. दाराला कुलूप आहे, आणि कुलपाच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय. म्हणजे किल्ली लागून कितीतरी महिने झाले. चाळिसाव्या घरच्या शकुंतलाबाई अंगणात तूर निवडत होत्या. त्या म्हणाल्या की मालक नागपूरला गेले, घर अकरा वर्षांपासून बंद आहे. मी रुख्माबाईचं नाव काढलं, तर सुपातून मान वर न करता म्हणाल्या की हो, बुढी हाय ना, कॉलेजची पोरगी लिहून गेली तेव्हापासून दिसून राह्यली, पहिले नोती. बंद घरात कशी राहते म्हणून विचारलं, तर त्यांना माझ्याच प्रश्नाचं नवल वाटलं.

मी दाराशी दहा मिनिटं उभी होते. आत कोणीतरी भरलेली घागर खाली ठेवली. ऐकलं तेवढं लिहिते, अर्थ लावत नाही. हातातली पिशवी मात्र मी तिथेच विसरून आले, आणि परत आणायला गेले नाही.

आता तुझ्या वकिलीचं उत्तर. ती असो वा नसो, तू पाहिली नव्हतीस. उद्या ती तुझ्या वर्गात येऊन बाकावर बसली, तरी नोव्हेंबरातला तुझा फॉर्म खोटाच. शिफारशीची काळजी खोटं लिहिण्याआधी करायची असते.

वाट पाहणारी,
आत्या


वर्धा,
१३ मार्च

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

अठ्ठावीसला मॅडमना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. लाल पेन काढून त्यांनी दोन्ही फेऱ्यांतलं घर एक्केचाळीस खोडलं. तुलनेला पहिला आकडाच उरला नाही, म्हणून ऋतिकचा फॉर्मही माझ्यामुळे गेला, तो माझ्याशी बोलत नाही. परिषदेत निबंध त्यानंच वाचला, माझं नाव नव्हतं. बाबांना मी खरं कारण सांगितलं. त्यांनी जेवलीस का एवढंच विचारलं. मॅडम म्हणाल्या की प्रकल्पात राहायचं असेल तर त्या घरी जा, नवा फॉर्म भर, आणि न पाहिलेलं एक अक्षरही त्यात असेल तर परत येऊ नकोस.

परवा गेले. कुलूप होतं. नियम विचारण्याचा आहे, म्हणून बंद दाराला अठराही प्रश्न मोठ्यानं विचारले. नाव काय, वय काय, पाणी कुठून आणता. फार वेड्यासारखं वाटलं. उत्तर आलं नाही. रकाने एकेक करून कोरे ठेवले, आणि प्रत्येक कोऱ्या रकान्याला वाटलं, जणू तिचं काहीतरी काढून घेतेय. शेवटचा प्रश्न, काही तक्रार आहे का, हा मी दोनदा विचारला. तेव्हा आतून कडी काढल्याचा आवाज आला. मी तिथेच उभी राहिले. दार हललं नाही, बाहेर कुलूप होतं.

फॉर्मवर लिहिलं: ‘कुलूप. प्रश्न विचारले. उत्तर नाही. ४ वाजून १० मिनिटांनी आतून कडी काढल्याचा आवाज.’

मॅडमनी ते दोनदा वाचलं. वाटलं, आता हाकलतात. त्यांनी एकच विचारलं, की हे तू स्वतः ऐकलंस का. मी हो म्हणाले. त्यांनी खाली सही केली आणि फॉर्म कपाटात ठेवला.

मे महिन्यातल्या फेरीत ते घर माझ्याकडे आहे.

लोभ आहेच, धाकही तसाच राहू दे.
तुझी,
पौर्णिमा