टाकीला लंघन

अहो,

नमस्कार. मी मजेत आहे. गुडघ्याला तेल लावता ना?

ज्या 'गटारकामा'पायी तुम्ही लेकीशी अबोला धरलात, ते काल पाहिलं. सांडपाण्याचा गाळ बंद टाकीत कुजवून गॅस काढतात, त्यावर वीज करतात आणि सगळे पंप तिच्यावरच चालवतात. तोंडात बोट घालणार होते, पण जागा आठवली!

मध्यंतरी तेलकट गाळ जास्त पडला आणि गॅस आटला. लेकीनं टाकीत गाळ सोडणंच थांबवलं. म्हणाली, "पोट बिघडलंय तिचं. बाबा मला घालायचे तसं लंघन घातलंय."

काल माझ्यासमोरच गॅस परत आला. सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा हिनं फोनवर तुमचा नंबर काढला, नुसता पाहिला आणि फोन ठेवून दिला.

आता तुम्हीच लावा.

वाट बघणाऱ्या,
आम्ही दोघी