गिरणी चालू असताना मागितलेली माफी

प्रिय काशा,

काल तुझं दहावं झालं. पेणहून रोह्याला परत आलो, गाडी दारात लावली आणि तसाच तासभर आत बसून राहिलो. मंदा दोनदा येऊन काच वाजवून गेली. तिला काय सांगणार? मलाच अजून धड उमगलेलं नाही. म्हणून तुला लिहितोय. आजवर तुला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. रोज समोर असलेल्या माणसाला कोण पत्र लिहितं? पण कालपासून डोक्यात एकच बसलंय: लिहून दिलं असतं, तर तुला सगळं पोहोचलं असतं.

काशा, तुला ऐकू येत नव्हतं?

दहा वर्षं? आणि हे मला, या दामोदरला ठाऊक नाही?

अरे, माझ्या कानांचा मला केवढा तोरा, ते तुझ्याइतकं कोणी पाहिलंय! गल्ल्यावर बसल्या बसल्या भात सडायच्या हलरचा आवाज जरा घोगरा झाला की मी ओरडायचो, "रोलर झिजला रे!" आणि तो झिजलेलाच निघायचा. कोलाडच्या रस्त्याने येणारा टेम्पो कोणाचा, ते हॉर्नवरून सांगायचो. रांगेत बसलेल्या बायकांतली एक दुसरीच्या कानात काही कुजबुजली, तर ते मला आधी कळायचं. याच कानांवर तर धंदा उभा केला. पेणला दुसऱ्याच्या गिरणीत गोणी वाहताना कोण कोणाला काय भावाने देतो ते ऐकून ऐकून शिकलो, आणि तुला घेऊन रोह्याला स्वतःची गिरणी टाकली. त्या गिरणीत तू माझ्यापासून दहा हातांवर उभा होतास. वर्षानुवर्षं!

काल पाहुणे पांगल्यावर सुलभावहिनींनी पडवीत चहा आणून दिला. समोर तुमची मिठागरं पांढरी झालेली. वहिनी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, तुमचे लय उपकार हायत आमच्यावर."

"कसले उपकार, वहिनी?"

"बहिऱ्या मानसाला दहा वरसं मशीनवर ठेवलंत. दुसऱ्या कोनी दुसऱ्या दिवशी घरी धाडला असता."

मी हसलो, काशा. देवाशपथ हसलो! म्हटलं, "बहिराच होता तो. माझं कधी ऐकलं का त्याने?" मला वाटलं, त्या गमतीने बोलतायत. त्या हसल्या नाहीत. उठून आत गेल्या, कपाटातून एक छोटी डबी घेऊन आल्या. त्यात ते कानात घालायचं यंत्र. "गिरनीत घातलं की नुसत्या शिट्ट्या वाजायच्या म्हून काढून ठेवलेलं. तुमाला दाखवलं नाय कदी? पन ठावं व्हतं ना तुमाला? हे म्हनायचे, दाम्याला मी सांगितलंय."

 चहा धोतरावर सांडला, तेवढ्या निमित्ताने मी उठलो.

सांगितलंय? कधी सांगितलंस तू मला?

नागोठणं ओलांडेपर्यंत आठवत होतो. आणि मग पुलावर एकदम आठवलं. इतकं स्वच्छ आठवलं की गाडी बाजूला घ्यावी लागली. त्या दिवशी लाईट गेली होती. गिरणी बंद, सगळीकडे शांत. आपण दोघं पायरीवर बसलो होतो. तू पायरीवरचा कोंडा बोटाने बाजूला करत होतास. मग म्हणालास, "दाम्या, माज्या कानांचं काय खरं नाय रे आता."

आणि मी काय म्हणालो? "माझ्या गुडघ्यांचं तरी कुठे खरं हाय! दोघंबी भंगारात निघालो, चल!" आणि तुझ्या पाठीत एक धपका घातला.

तू माझ्याकडे नुसता बघत राहिलास. मग हसलास. खूप हसलास, डोळे पुसलेस. मला वाटलं, काय झकास विनोद केला आपण!

म्हणजे ते हसणं माझ्या विनोदावर नव्हतंच! तू लाईट जायची वाट बघत होतास. कोण जाणे किती दिवस शब्द जुळवत होतास. आणि मी पाठीत धपका घातला, तर तू समजलास की दाम्याला कळलं, दाम्याने मनावर घेतलं नाही, दाम्या सांभाळून घेईल. आणि मी? मी ते वाक्य ऐकलं आणि तिथल्या तिथे विसरलो. कानांनी शब्द न शब्द टिपला होता, काशा. आज दहा वर्षांनी तो जसाच्या तसा परत आला की! मग त्या वेळी तो कुठे गेला होता?

एक मात्र विचारतो, रागावू नकोस. दुसऱ्यांदा का नाही बोललास? एकदाच सांगून कसा रे मोकळा झालास? माझ्यासारख्या बडबड्याला कुठलीही गोष्ट तीनदा सांगावी लागते, हे तुला ठाऊक नव्हतं?

आता एकेक गोष्ट उलगडतेय आणि प्रत्येकीला मी "अरे बापरे" म्हणतोय. कोणी काही सांगायला आलं की तू त्याला दरवाजात न्यायचास. "हिकडं उजेडात ये, आता बोल." आम्हाला वाटायचं, काय हा मान देतो माणसाला! हातातलं काम सोडतो, डोळ्यांत डोळे घालतो. तू ओठ वाचत होतास! समोरच्याचं बोलणं पुरं झालं की तू ते परत म्हणायचास, "म्हंजे तू असं म्हनतेस का, की सून वायली चूल मांडायची म्हनते, पन तुला तिचा राग नाय?" आणि ती बाई रडायला लागायची, म्हणायची, "व्हय भाऊ, तसंच." मी गल्ल्यावरून चेष्टा करायचो, "पोपट पाळलाय आम्ही, पोपट!" बरोबर वाचलं की नाही ते तू तपासून घेत होतास. मी तर आयुष्यात कोणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. निम्म्यावरच मला पुढचं कळतं ना! चणेऱ्याची रखमाबाय एकदा तोंडावर म्हणाली होती, "दामूशेठ, तुमी आयकता लवकर, पन काशाभाऊ आयकतो बरोबर." यावरही मी हसलोच.

रखमाबायचं नाव निघालं, तर आता ते लिहायलाच हवं.

दोन वर्षांपूर्वी ती टेम्पोत सहा गोणी भात घेऊन आली होती. एका गोणीला लाल चिंधी. मला म्हणाली, "ही नका घालू हां शेठ. बियानं हाय. पेंढ्याच्या मुड्याला उंदीर लागले म्हून गोनीत भरलंय, लेकीला द्याचंय नागोठन्याला." लाल भाताचं जुनं बियाणं, तिच्या सासूपासून चालत आलेलं. मी बसल्या जागेवरून तुला ओरडलो, "काशा, लाल चिंधी बाजूला!" आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो. तू मान हलवलीस की नाही, ते बघितलंसुद्धा नाही. मी बोललो, म्हणजे तुला कळलं. माझा हिशेब एवढाच!

अर्ध्या तासाने रखमाबायने किंकाळी फोडली. बियाण्याचा तांदूळ झाला होता. तो आता काय पेरायचा?

मग मी गल्ल्यावरून उठून आलो. पंधरा-वीस माणसं उभी होती. त्यांच्यादेखत तुला म्हणालो, "कान फुटले का रे तुझे?"

तुझा चेहरा मला आठवतो. त्या वेळी मी अगदी तुझ्यासमोर होतो, उजेडात. नेमकं तेवढं वाक्य तुला नीट कळलं असणार.  दुसऱ्या दिवशी खाडा करून चार गावं फिरलास, तेच बियाणं कोणाकडे उरलंय का विचारत. मिळालं नाही. चूक माझी, पायपीट तुझी.

काल वहिनी म्हणाल्या, "तेवढी एकच गोष्ट त्यांना लागली, भावोजी. घरी येऊन जेवले नाय. म्हनाले, दाम्याला ठावं असून चार मानसांत माझे कान काढले."

ठावं असून!

काशा, म्हणजे दोन वर्षं तू असं धरून चाललास? मी तुझं व्यंग जाणून मुद्दाम चव्हाट्यावर आणलं, असं? आणि तरी दुसऱ्या सकाळी खाडा सांगायला येऊन मला "राम राम" घातलास?

मी माफी मागितली होती, हे तुला कोण सांगणार आता? मागितली होती रे! मंदा दिवस-रात्र मागे लागली होती, "त्यांना असं बोलायला नको होतं तुम्ही." तीन आठवड्यांनी धीर केला. पण मी कसला हुशार! तुला समोर बसवून बोलायची लाज वाटली. हलर चालू होता, तू माझ्याकडे पाठ करून भात ओतत होतास. म्हटलं, या आवाजात बाकी कोणाला ऐकू जायचं नाही, हीच वेळ बरी. मी तुझ्या मागे येऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "काशा, माझं चुकलं. माझी जीभ फार लांब. मनावर घेऊ नकोस." तू वळला नाहीस. रिकामी गोणी झटकलीस, घडी घातलीस, दुसरी उचललीस.

मी घरी येऊन मंदाला सांगितलं, "मागितली माफी. त्याने ढुंकून पाहिलं नाही. एवढा ताठा!"

आणि मग मीही ताठ झालो. बोलायचो कामापुरतं. गेल्या वर्षी "आता होत नाय" म्हणून तू गावी निघालास, तेव्हा नारळ-शाल दिली, भाषण केलं, टाळ्या घेतल्या. बाजूला घेऊन एक शब्द बोललो नाही. नंतर फोन केले, तू घेतले नाहीस. घेणार तरी कसा? वहिनी म्हणायच्या, "ते फोनवर नाय येत, तुमीच या ना एकदा." मी म्हणायचो, माज बघा याचा! तिसऱ्या फोननंतर करायचंच सोडलं. तासाभराचा रस्ता, काशा. वडखळपर्यंत तर महिन्यातून दोनदा येतो मी, कोंड्याचा व्यापारी तिथेच बसतो. तिथून तुझं घर किती लांब?

वहिनींनी आणखी एक सांगितलं. शेवटच्या दिवसांत तू म्हणायचास, "दाम्या बोलंल एक दिवस. यील आनि बोलंल."

अरे, मी बोलून बसलो होतो की! आणि तू वाट बघत होतास!

सगळ्यात वाईट काय केलं ते ऐक. वहिनींना मी काल काहीच सांगितलं नाही. त्यांनी उपकार मानले, ते घेतले. त्यांनी दुखलेलं सांगितलं, तेही खाली मान घालून घेतलं. दोन्ही खोटं. तू बहिरा असून तुला सांभाळणारा मोठ्या मनाचा शेठ, तो मी नव्हेच. आणि जाणूनबुजून तुझं व्यंग काढणारा हलकट, तोही मी नव्हे. मग मी कोण? तर सोबतीने पाण्याचा एकच तांब्या वर्षानुवर्षं वापरलेल्या माणसाला काय झालंय, हे ज्याला कळलंच नाही, तो.

गाडीत बसून तासभर हेच तोलत होतो. व्यवहारी माणूस ना! तुला यातलं काय कमी लागलं असतं? मित्राने ओळखून टोमणा मारला हे, की मित्राने कधी ऐकलंच नाही हे?  पहिलं तू दोन वर्षं सोसलंस. दुसरं तुला कळलंच नाही. ते मी एकट्याने सोसायचं म्हणतोस का?

तर ही माफी पुन्हा मागतो, या वेळी कागदावर. काशा, तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. जे चार माणसांत बोललो ते अडाणीपणाने बोललो, तरी तुला लागायचं ते लागलंच. माझं चुकलं.

आणि हा शब्द देतो. येत्या रविवारी तुझ्या घरी येतोय. फोनवर उरकणार नाही, मंदाला पुढे करणार नाही. पडवीत उजेडाकडे तोंड करून वहिनींच्या समोर बसेन. त्यांना खरं काय ते सांगेन: मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते उपकारही माझे नव्हेत. मग तोंड बंद ठेवेन. मध्ये विनोद करणार नाही, त्यांचं वाक्य मी पुरं करणार नाही. त्या रागावतील, रडतील, कदाचित काहीच बोलणार नाहीत. काही बोलल्या नाहीत, तर त्या गप्प बसण्याचा अर्थ या खेपेला मी आपल्या मनाने लावणार नाही. बसून राहीन.

तुझा,
दाम्या