मागे सरकलेला चिमटा

५ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दादाची पाठ आता बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. कपाट एकट्याने हलवायची हौस आता पुरे, असं त्याला माझ्याकडून बजाव.

माझी बातमी अशी की मी साहेबीण झाले! रुग्णालयाच्या तळघरात व्हीलचेअर दुरुस्त करायचं आमचं वर्कशॉप आहे ना, त्याची प्रमुख. पण हुरळून जाऊ नकोस, बढतीबरोबर तंबीही मिळाली आहे. सगळा कारभार बघणाऱ्या मोठ्या बाई म्हणाल्या की मोडक्या खुर्च्या आठवडेच्या आठवडे खाली धूळ खातात आणि वर पेशंट ताटकळतात. दुरुस्त खुर्च्यांचं ठरवून दिलेलं उद्दिष्ट जूनअखेर गाठलं नाही, तर काम बाहेर देऊन तळघराला कुलूप. म्हणजे वेल्डर, सीट शिवणाऱ्या मावशी, चाकं बसवणारा (त्याला सगळे बेअरिंगच म्हणतात) आणि मी, चौघंही घरी.

म्हणून मी भिंतीवर दोऱ्या ताणल्या. त्या तिघांची एकेक दोरी, टोकाला लाल गाठ म्हणजे उद्दिष्ट, आणि प्रत्येक दोरीवर कपड्यांचा एक चिमटा. सोमवारी चहाच्या आधी ज्याने त्याने आपला चिमटा आपल्या हाताने सरकवायचा आणि का सरकवला ते सगळ्यांदेखत सांगायचं. वेल्डरने विचारलं की बाई, कपडे कधी वाळत घालायचे. पण पहिल्या सोमवारी सगळ्यात आधी तोच उठला.

दादाला नमस्कार, तुझ्या लोभावर तर माझा हक्कच आहे.

तुझी नणंद,
भिंगरी


२१ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

साहेबीणबाई, तुमचं पत्र तुमच्या दादांनी डेपोत येऊन मला वाचून दाखवलं, तेही पाच माणसांसमोर. लहानपणी अभ्यासाला बसवायला हिच्यामागे धावावं लागायचं, हे सांगायलाही विसरले नाहीत.

तुझ्या दोऱ्यांचं मला फार कौतुक वाटलं. आमच्या बस डेपोतही उद्दिष्टांचा तक्ता आहे, रंगीत आणि छापील. तो साहेबांच्या केबिनमध्ये टांगलाय आणि त्याच्याकडे रोज न चुकता फक्त पाल बघते. स्वतःच्या हाताने चिमटा सरकवायचा, ही गोष्ट तुलाच सुचायची. माणसाला आपण कुठवर आलो हे दिसलं की पाय आपोआप उचलला जातो.

पण जेवणाची वेळ पाळ. प्रमुख झाल्यावर पोट रजेवर जात नाही.

इकडचा लोभ आहे तसाच आहे, तिकडचा राहू दे.

तुझी वहिनी


२३ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चिडून लिहितेय, स्वतःवरच. गेल्या सोमवारी तिन्ही चिमटे लाल गाठीला टेकले. टाळ्या झाल्या, मी मोठ्या बाईंना उद्दिष्ट पूर्ण झाल्याचा अहवालही पाठवला. मग मिरवायला म्हणून वर गेले.

एक्स-रेच्या खोलीबाहेर आमच्या खुर्च्या रांगेने उभ्या होत्या. चाकं गुळगुळीत, सीट नवी कोरी, सांगाडा सरळ. आणि पाय ठेवायची पट्टी एकीलाही नाही! एक आजोबा पाय अधांतरी धरून बसले होते, दमले की त्यांची मुलगी खाली बसून ते तळहातांवर पेलत होती. मला पाहून ती उलट हसली. म्हणाली, खुर्ची आता छान पळते हो. वहिनी, मला कुठे तोंड लपवू असं झालं.

झालं काय, तर वेल्डरच्या दोरीवर सांगाडा, मावशींच्या दोरीवर सीट, बेअरिंगच्या दोरीवर चाकं. पट्टी कुणाच्याच दोरीवर नाही. जो तो आपला चिमटा सरकवून खुर्ची वर धाडत होता आणि सगळे मन लावून काम करत होते. वाटणी मीच तशी केली होती.

दुसऱ्या दिवशी तिन्ही दोऱ्या काढल्या आणि एकच बांधली. एकच चिमटा. वॉर्डातल्या सिस्टरने स्वतः बसून खुर्ची बरी आहे म्हटलं, तरच तो हलणार. बेअरिंग रुसला. मावशी म्हणाल्या की गाठीपाशी आलेलं कुणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं का. वेल्डरने उठून चिमटा दोरीच्या सुरुवातीला नेऊन लावला. मोठ्या बाईंना मी सगळं लिहून कळवलंय. त्यांचं उत्तर नाही.

माझं चुकतंय का, स्पष्ट लिही. रागावलीस तरी चालेल, लोभ तेवढा आवरता घेऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


६ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आधी तुझ्या दादांचं मत, कारण ते मागे उभं राहून मान लांबवतायत. ते म्हणतात, जून जवळ आला की चिमटा जरा पुढे ढकल, कोण मोजायला बसलंय, नोकरी आधी. पाठदुखीने त्यांची बुद्धीही वाकली असावी. मी त्यांना भाजी आणायला पिटाळलंय.

आता माझं ऐक. चुकलं तेव्हा चुकलं होतं, आता चुकत नाही. टाळ्या वाजून गेल्यावर स्वतःच दोऱ्या सोडणारी माणसं मी नोकरीत फार पाहिली नाहीत. खरं सांगते, पाहिलीच नाहीत. मला तुझा अभिमान वाटतो आणि काळजीही वाटते, दोन्ही एकदमच. उद्या कुलूप लागलंच तर इथे ये, तुझी खोली मी झाडून ठेवली आहे. पण चिमट्याला हात लावू नकोस.

तो वेल्डर मला फार आवडला. लग्न झालेलं आहे का त्याचं? सहज विचारलं.

लोभ वाढतोच आहे, पत्रंही वाढू देत.

तुझी वहिनी


१ जुलै

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

वेल्डरला दोन नातवंडं आहेत, तेव्हा तू स्वस्थ बस!

काल मोठ्या बाई तळघरात आल्या. गेले दोन महिने आम्ही जिवाचं रान केलं. वेल्डरचा देह चांगला दणकट आहे. प्रत्येक खुर्चीत तो आधी स्वतः बसायचा आणि मावशी त्याला बोळातून ढकलत न्यायच्या. त्या धापा टाकत आणि तो राजासारखा बसून कुठे काय खडखडतंय ते सांगत असे. वहिनी, अशी माणसं माझ्या हाताखाली आहेत म्हणायची मला लाज वाटते, मीच त्यांच्याकडून शिकतेय. तरी चिमटा गाठीपासून बराच लांब होता. सकाळी बेअरिंगने काकुळतीला येऊन सांगितलं की वीतभर तरी सरकवू या. वेल्डर दोरीसमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, सिस्टर सांगेल तेव्हाच.

मोठ्या बाईंनी विचारलं की एप्रिलमध्ये पूर्ण झालेलं काम जूनमध्ये अपुरं कसं. मी आजोबांच्या पायांपासून सगळं सांगितलं. सिस्टरने सकाळीच पसंत केलेल्या, वर जायला तयार असलेल्या खुर्चीत त्या बसल्या आणि मावशींना म्हणाल्या, मला एक्स-रेपर्यंत नेऊन आणा. लिफ्टचं दार लागलं. आम्ही तिघं तिथेच उभे, कुणाला खाली बसायचंही सुचलं नाही.

परत आल्या, उठल्या, आणि म्हणाल्या की डावा ब्रेक नीट लागत नाही, ही खुर्ची हिशेबात धरायची नाही. स्वतः जाऊन त्यांनी चिमटा बोटभर मागे सरकवला. मग त्या बेअरिंगकडे वळल्या आणि विचारलं, सोमवारी चहा किती वाजता असतो, कारण आता दर सोमवारी त्याच्या आधी त्या येणार आहेत.

म्हणजे कुलूप लागणार नाही, हा अर्थ मला कळायलाच वेळ लागला. भानावर आले तेव्हा वेल्डरने खुर्ची उलटी करून ब्रेक खोलायला घेतला होता आणि मावशी त्याला पाना देत होत्या. चिमटा मागे गेल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल, वहिनी. मी जिन्यात जाऊन पोटभर रडले आणि तोंड धुऊन कामाला लागले.

दादाला सांग, चिमट्याला कुणी हात लावला नाही. तुमच्या दोघांच्या लोभात मला असंच राहू द्या.

तुझी,
भिंगरी