चौथी खाच

३ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुमची खुशाली तूच कळवत जा. चिरंजीव फोनवर नुसता हुंकार देतात, त्यातून काय बोध घ्यायचा?

हे पत्र तुझ्यापाशीच ठेव. माझी मोटरसायकल हल्ली खड्डा आला की मागून धाडकन आपटते. स्पीडब्रेकरवरून गेलो की कंबरेपासून मानेपर्यंत सगळे मणके हजेरी देतात. चिरंजीवांना कळलं तर गाडी विका आणि आमच्याकडे राहायला या, हे पालुपद पुन्हा सुरू होईल. तुझ्या सासूबाई गेल्यापासून सहा वर्षं तेच ऐकतोय. तू कारखान्यात दिवसभर गाड्यांची हीच तपासणी करतेस. मी आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजून भांडणं मिटवली, पण स्वतःच्या गाडीपुढे हात टेकलेत. काय करू ते सविस्तर लिही.

तुझा, पाठीला उशी लावून बसलेला,
बाबा

१० फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं, काळजीही वाटली. आधी मागच्या शॉकअपच्या दांड्यांवर तेलाचे ओघळ दिसतात का बघा. दिसले तर त्यांची सेवानिवृत्ती झाली समजा. बदलाल तेव्हा जोडीनं बदला. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमधलं तेलही बदलून घ्या, ते आमच्या लग्नाआधीचं असणार.

खरं काम त्यानंतरचं. नव्या शॉकअपला खाली एक फिरणारी कडी असते, तिला पाच खाचा असतात. जितकी वरची खाच, तितकी स्प्रिंग आवळलेली. गाडी डबल स्टँडवर चढवा, मागचं चाक अधांतरी राहू द्या आणि चाकाच्या नटापासून सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत अंतर मोजा. मग स्टँड काढून गाडीवर बसा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. ते साधारण तीस मिलिमीटरनं कमी व्हायला हवं. गाडी त्याहून कमी दबली तर दणके पाठीला, जास्त दबली तर आपटणार. तुम्ही गाडीवर असाल, तेव्हा टेप वाचायला दुसरं माणूस लागेल. आकडे कळवा.

तुमच्या चिरंजीवांना बोलले नाहीये. पण फार दिवस लपवायला लावू नका, माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.

तुमची लाडकी (असं तुम्हीच म्हणता),
सूनबाई

२ मार्च

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

काय सांगू! शॉकअपची जोडी बसली, तेल बदललं. जुनं तेल डांबरासारखं निघालं. मेकॅनिकनं ते मला मुद्दाम दाखवलं, जणू मीच प्यालो होतो.

मोजमापही झालं. माझी लोखंडी टेप पार गंजलेली, म्हणून खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई त्यांची टेप घेऊन आल्या. पोस्टमन जिन्यातच भेटला, त्याला आकडा वाचायला बसवला. पहिल्या खाचेत गाडी फारच खाली गेली. चढवत चढवत चौथ्या खाचेत आलो तेव्हा बरोबर तीस भरले. आता गाडी अशी जाते की रस्ता नव्यानं केलाय असं वाटावं. रविवारी तलावापर्यंत जाऊन आलो, पाठीनं चकार शब्द काढला नाही. तुझी बुद्धी अशीच शाबूत राहो.

तुझा, ताठ बसलेला,
बाबा

९ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

अभिनंदन! पण बाबा, एक हिशेब जुळत नाही. तुमचं वजन अठ्ठावन्न किलो, मागच्या खेपेला मीच काट्यावर उभं केलं होतं. एवढ्या वजनाला दुसरी खाच पुष्कळ झाली. चौथ्या खाचेत तुम्ही एकटे बसलात तर ती गाडी तीसच्या जेमतेम निम्मी दबेल. तीस भरायला मागे आणखी एक माणूस हवं. शिवाय बाई टेप घेऊन समोर हजर असताना आकडा वाचायला पोस्टमन कशाला लागला?

चिडवत नाही (थोडंसं चिडवतेय). मला मनापासून आनंद झालाय. पण तुमच्या मुलाला हे तुम्हीच कळवा. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्याला लागेल. आणि एकटे जाल तेव्हा कडी दुसऱ्या खाचेत आणा, नाहीतर गाडी बेडकासारखी उड्या मारेल.

उत्तराची अधीरतेनं वाट बघणारी,
सूनबाई

१६ मार्च

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

पकडलंस. जमिनीची खोटी मापं मी एका नजरेत ओळखायचो, आणि आज सुनेनं मला ओळखलं.

बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. हिवाळ्यात त्यांना कापडबाजारात सोडायला म्हणून गाडीवर घेतलं. दिवसभर मशीनवर वाकून त्यांचीही पाठ धरलेली. अर्ध्या वाटेत एक दणका बसला तशा उतरल्या, आणि ही गाडी माणसात आणल्याशिवाय पुन्हा बसणार नाही असं सांगून चालत निघाल्या. मी गाडी ढकलत बरोबर. त्या चालण्यात इतक्या गप्पा झाल्या की बाजार केव्हा आला कळलं नाही. तुला पहिलं पत्र लिहिलं ते त्यानंतर.

आता त्यांनी बजावलंय, की मुलाला सांगेपर्यंत तलाव बंद. चोरून फिरायचं आपलं वय नाही. काल चिरंजीवांना सगळं लिहिलं. त्याच्या आईची जागा तिचीच राहील, हेही लिहिलं. विचार बदलण्याआधी पत्र पेटीत टाकूनही आलो. त्याचा चेहरा बघून कळव.

तुझा, धास्तावलेला,
बाबा

२४ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

मी पत्र लिहितोय, यावरून काय ते समजा.

तुमचं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. बायकोला आधी कळलं याचा राग आला, मग राग कशाचा तेच कळेना. तिनं विचारलं, बाबांनी एकटंच राहावं असं वाटतं का. मी नाही म्हणालो आणि मला रडू आलं. आईबद्दल तुम्ही लिहिलेलं पुन्हा वाचलं. बरं वाटलं.

गाडी विका म्हणायचो, कारण तुम्ही एकटेच कुठे पडलात तर कळणार कुणाला, ही भीती. आता मागे बसलेलं माणूस निदान आरडाओरडा तरी करेल. तेव्हा तो विषय मी सोडला.

सोबत त्यांच्यासाठी हेल्मेट पाठवतोय. माप ठाऊक नव्हतं, अंदाजानं घेतलंय, बहुधा चुकलं असणार. दुकान आमच्याच गल्लीत आहे आणि डोक्यावर घालून बघितल्याशिवाय दुकानदार बदलून देत नाही. म्हणजे त्यांना यावं लागेल. तुम्हीही या. वरची खोली झाडून ठेवलीय.

सावकाश या. दोघांची वाट बघतोय.

तुमचा,
चिरंजीव