मांडीतली सळई

राळेगाव, दसरा, १९६२

सौ. भागीरथी, जिथे असशील तिथे खुशाल राहा.

तुझ्या अस्थी वेचताना राखेत ती सळई सापडली. "नदीत टाका भाऊजी," तुझा भाऊ नानाजी म्हणाला. मी हो म्हटले आणि धोतरात लपवून घरी आणली. नागपूरला डॉक्टरांनी तुझ्या मोडल्या मांडीत ती घातली, तेव्हा तू हसून म्हणाली होतीस, "आता दसऱ्याले विळ्या-कुऱ्हाडीसंगं माही बी पूजा करा."

म्हणून आज कुऱ्हाडीशेजारी ठेवून तिला हळदकुंकू वाहिले. पण जेवायला बसलो आणि मनात आले, सळईविना तू तिकडे लंगडत असशील. उद्या नक्की नदीत सोडतो. तोवर एका जागी बसून राहा, पायी दूर जाऊ नको.

तुझाच,
पुंडलिक