चार कॅपिटल वाय

३१ डिसेंबर २०२५, बुधवार
सकाळीच शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून फोन. मॅनेजर शिंदे नुसते ओरडत होते. कास्टिंगचा ट्रक पुण्याहून परत आला. कारण? टेस्ट सर्टिफिकेटवर तारीख २९-१२-२०२६. पुढच्या वर्षाची! गिऱ्हाईक म्हणे, बोगस कागद देता काय?
तारीख आमचं सॉफ्टवेअर छापतं. खाली सही फाउंड्रीच्या लॅबमधल्या सुनीता कांबळेंची.
आमच्या कंपनीचे मालक, म्हणजे सर. त्यांनी उठून कोड बघितलासुद्धा नाही. स्पीकरवर सरळ ठोकून दिलं, “दिवाळीपासून आमचं सॉफ्टवेअर चाललंय, एक तक्रार न्हाय. तुमच्याच माणसानं हात घातला असणार.”
मी बघते म्हटलं, तर दुसऱ्याच कामाला जुंपलं.

१ जाने., गुरुवार
आज सर्टिफिकेट काढून बघितलं. तारीख बरोबर! सर खूश. “बघ, काय म्हटलं होतं?”
पटलं नाही. सुनीताताईंना फोन केला. कालच निलंबित केलंय त्यांना.
“मॅडम, तारखेला मी हातच लावत न्हाय. छापून येती ती. मी काय पुढच्या वर्षात जाऊन सही करून आले व्हय?”
बघते म्हटलं.

२ जाने., शुक्रवार
सापडलं.
आमचा कोड जावा या भाषेत. तिच्यात तारखेतल्या वर्षासाठी चार छोटे वाय लिहायचे असतात. आमच्याकडे चार कॅपिटल. कॅपिटल वाय म्हणजे त्या तारखेचा आठवडा ज्या वर्षात धरला जातो ते वर्ष. एक जानेवारी ज्या आठवड्यात, तो अख्खा आठवडा नव्या वर्षाचा. म्हणून रविवारपासून २०२६ छापत होतं, आणि काल आपोआप बरोबर झालं.
माझ्या मशीनची तारीख मागे नेली, २९ डिसेंबर. छापलं. २०२६.
ती ओळ सरांची स्वतःची. त्यांना दाखवली.
“आता बरोबर येतंय की. गुपचूप बदलून टाक.”
“आणि सुनीताताई?”
“त्या काय आपल्याकडं कामाला हायत?”
वर सरांनी दोन चहा मागवले. मी माझा तसाच ठेवून उठले.

३ जाने., शनिवार
ओळ बदलली. बदलाच्या नोंदीत लिहायचं, सर म्हणे, ‘किरकोळ सुधारणा’. किरकोळ! लिहिलं नाही. बघू काय करतात.
सुनीताताईंचा फोन. गावात बसस्टॉपवर बायका विचारतात, आज पण सुट्टी हाय काय गं? म्हणून ताई आता तिकडे जातच नाहीत. मी सगळं सांगितलं. म्हणाल्या, “हे तुम्ही तिथं येऊन सांगशीला?”
हो म्हणून बसले.
ह्या माणसाला मी पाच वर्षं ‘सर’ म्हणतेय, याचीच किळस येते.

५ जाने., सोमवार
दाताच्या डॉक्टरकडे जाते सांगून शिरोली गाठली. सुनीताताई आधीच गेटवर. वॉचमन त्यांना आत सोडेना, मला मात्र “या मॅडम.” शी.
शिंदेंच्याच कॉम्प्युटरवर तारीख मागे नेऊन छापून दाखवलं. तिथं अजून जुनंच सॉफ्टवेअर. २०२६! शिंदेंनी कागद उलटसुलट केला. माझ्यासमोरच सरांना फोन लावला. पलीकडून आवाज स्पष्ट, “पोरगी नवीन हाय साहेब, तिला अजून कळत न्हाय.”
नवीन!
शिंदे म्हणाले, “चूक तुमच्या कंपनीची, ते दिसतंय. पण निलंबनाचं पत्र निघालंय. मालक बेळगावला गेल्यात. आल्यावर बघू.”
“निदान सुनीताताईंना आत बोलवून सांगा तरी.”
“मालक आल्यावर बघू म्हटलं न्हवं?”
बाहेर आले. सुनीताताई उन्हात तशाच उभ्या.
“काय म्हणाले?”
“चूक तुमची नाही, हे मान्य केलं.”
“ते मला ठाऊक हाय की. उद्या कामाला येऊ का, ते सांगितलं का?”